हा धबधबा कोणाच्या बापाचा?

छत्तीसगडात कुठल्याही चौकात गाडी थांबवून "झरना कहां है?" असं विचारलं, तर सगळे एकाच दिशेला हात दाखवतात. तिकडे पाटी असते, पार्किंग असतं, भुट्टे भाजणारे असतात, लोखंडी कठडा असतो आणि कठड्याला रेलून फोटो काढणारी अर्धी भिलाई असते. धबधबा असतो, नाही असं नाही. पण तो लांब, समोर, टीव्हीवर दिसावा तसा. कठड्यापलीकडे पाय टाकला की शिट्टी वाजते. मला असल्या धबधब्यांचा मनापासून राग आहे. पाणी नुसतं बघायचंच होतं, तर एवढं पेट्रोल जाळून कशाला यायचं?

म्हणून मी तो प्रश्न विचारणंच सोडून दिलं. माझी पद्धत वेगळी आहे. मैकलच्या डोंगरांच्या पायथ्याशी जी गावं आहेत, तिथे आठवड्याचा बाजार भरतो. पावसाळ्यात त्या बाजारात बायका पुटू घेऊन बसतात. पुटू म्हणजे सालाच्या झाडांखाली मातीतून निघणारी गोल, मातकट अळंबी. जिच्या पुटूवरची माती अजून ओली आहे, तिचं जंगल जवळ आहे असं समजायचं. तिच्यासमोर उकिडवं बसायचं, पुटू घ्यायची, पावसाच्या गप्पा करायच्या आणि मग विचारायचं, की बाई, तुम्ही पावसाळ्यात कपडे कुठे धुता? धबधब्याचं नाव काढायचं नाही. तिच्यासाठी तो धबधबा नसतोच. ती न्हाण्याची जागा असते, गुरं पाण्यावर न्यायची जागा असते. तिकडे ओढ्याला नरवा म्हणतात. नरवा कुठून वाहतो, कुठे वरून पडतो, खाली दहरा म्हणजे खोल डोह कुठे आहे, सगळं ती हातवारे करत सांगते. अट एकच, की तुम्हाला खरंच घाई नसली पाहिजे.

मला घाई नसते. मी भिलाई-३ च्या रेल्वे यार्डात नोकरी करते आणि माझी रेस्ट आठवड्याच्या मधल्याच वारी येते. जगाला सुट्टी असते तेव्हा मी मालगाड्यांच्या मागे असते आणि जग कामावर असतं तेव्हा मी जंगलात. पन्नाशी उलटलेली, लग्न न केलेली बाई एकटी गाडी काढून डोंगरात भटकते, यावर आमच्या स्मृति नगरात ज्याला जे बोलायचं ते सगळं बोलून झालं आहे. मी ऐकून घेतलं आणि गाडीचे टायर बदलून आणले.

पण ही हकीकत माझी नाही, माझ्या आईची आहे.

आई विदर्भातल्या एका लहान गावात वाढली. गावात विहीर होती, पण आमच्या वस्तीतल्या बायकांनी तिच्या काठावर चढायचं नव्हतं. घागर घेऊन खाली बसून राहायचं. वरच्या कोणाला दया आली, वेळ झाला, मनात आलं, तर ती वरून पाणी ओतणार. नाही आलं तर बसून राहा. आई आठ-नऊ वर्षांची पोर, आजीच्या बाजूला बसलेली असायची. ती हे सगळं रडून सांगत नाही. दात ओठ खाऊन सांगते. "वरून पानी पडलं की डोळे मिटून घ्याचे," ती म्हणते, "कावून की डोळे उघडे ठेवले तं तिचं तोंड दिसे."

मग लग्न झालं आणि ती भिलाईला आली. वडील स्टील प्लांटमध्ये लागले होते, सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं होतं. क्वार्टरमध्ये नळ होता. आईने तो नळ पहिल्या दिवशी इतक्या वेळा उघडला आणि बंद केला, की वडिलांना वाटलं, नळ बिघडला. नळ कोणाला जात विचारत नाही, हे तिला फार आवडलं. ते कौतुक तिचं अजून ओसरलेलं नाही. पण नळाचीही वेळ असते. सकाळी येतो, संध्याकाळी येतो आणि मधे कुठेतरी कोणीतरी व्हॉल्व्ह फिरवत असतो.

वडील गेल्यानंतर दोन-तीन उन्हाळे उलटले असतील. आमच्या भागातली पाइपलाइन फुटली आणि काही दिवस टँकर येऊ लागला. एका दुपारी मी घरी होते. आई बादली घेऊन बाहेर गेली आणि रिकामी बादली घेऊन घरात आली. मी खिडकीतून पाहिलं. टँकरवर एक माणूस उभा होता, हातात जाड पाइप, आणि खाली बायकांची गर्दी. तो वरून पाणी सोडत होता आणि ओरडत होता, की मागे सरा, आधी तुम्ही, मग तुम्ही. बिचारा त्याचं काम करत होता. पण आई बादली न भरता परत आली आणि पलंगावर बसली.

मी म्हटलं, "आई, मी आणते ना पाणी, थांब."

ती म्हणाली, "तू आन. मी नाही जात." मग म्हणाली, "आयुष्यभर कोनी ना कोनी मले पानी देऊनच राहिलं. मरायच्या आधी एकदा असं पानी आंगावर घ्याचं हाय, जे कोनी देऊन नाही राहिलं."

एवढंच तिचं मागणं. दागिने नाहीत, तीर्थयात्रा नाही. मी त्याच क्षणी ठरवलं की हे मी करून दाखवणार. आणि धबधब्याइतकं मोकळं पाणी दुसरं कुठलं, असं मला वाटलं.

पहिला प्रयत्न असा फसला की आजही आठवला की हसू येतं. यार्डातल्या एकाने मला सांगितलं होतं, की नंदिनी नगरच्या बाजूला खाणींच्या पलीकडे एक मस्त धबधबा आहे, कोणाला माहीत नाही. नंदिनी म्हणजे चुनखडीच्या खाणी, तिथला दगड आमच्या प्लांटला येतो. मी आईला गाडीत घातलं आणि नेलं. खरंच, एका जुन्या खड्ड्याच्या कडेवरून पाणी कोसळत होतं. पांढरंशुभ्र, भरपूर, आवाज करत. आईच्या चेहऱ्यावर जे आलं, ते पाहून मी स्वतःवरच खूश झाले. तिने चपला काढल्या, पातळ वर खोचलं, माझा हात धरून हळूहळू दगडांवरून खाली निघाली. आणि आम्ही अर्ध्या वाटेवर असताना धबधबा बंद झाला.

हो, बंद झाला. आधी बारीक झाला, मग थेंब थेंब, मग नुसता ओला दगड. आम्ही दोघी वर पाहत उभ्या. वरून एक माणूस डोकावला, हातात टिफिनचा डबा, आणि म्हणाला, "माताजी, पंप बंद हो गया. अगली शिफ्ट वाला चालू करेगा." खाणीत साठलेलं पाणी उपसून बाहेर टाकत होते. आम्ही पाळी सुटायच्या वेळेला पोचलो होतो.

जन्म प्लांटच्या सायरनवर गेला, तरी दोघींपैकी एकीलाही शंका आली नाही. मी हसत सुटले. आई आधी चिडली, मग तीही हसली, पण गाडीत बसल्यावर म्हणाली, "जो कोनाले बंद करता येते, थो धबधबा नोहे. दुसरा पाह्य."

दुसरा पाहायला मी तयारच होते. घरात मात्र कटकट सुरू झाली. माझा मोठा भाऊ प्लांटमधून रिटायर झालेला, आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो. स्वभावाने वाईट नाही, पण त्याला सगळ्या गोष्टी सेफ्टीच्या पाटीसारख्या लिहून हव्या असतात. आईचे गुडघे, आईचं वय, साप, विंचू, घसरडे दगड, मोबाइलला रेंज नाही. हे सगळं तो एका दमात म्हणून दाखवायचा. त्यात दुसरी अडचण वर्षावासाची. पावसाचे तीन महिने भंतेजी एकाच ठिकाणी मुक्काम करतात, प्रवास करत नाहीत, आणि आमच्या विहारात बायका ग्रंथवाचनाला जमतात. आई वाचनाला कधी चुकत नाही, तिचा आवाज खणखणीत आहे. आणि धबधबे नेमके याच महिन्यांत जिवंत असतात.

"वर्षावासात लोक एका जागी बसतात," दादा म्हणाला, "आणि ह्या दोघी जंगलात फिरून राहिल्या."

आई चहा गाळत होती. तिने मान वर न करता उत्तर दिलं, "एका जागी बसाचा नेम भंतेजीचा हाय. मी का चीवर घातलं? वाचन रविवारी असते आनि हिची रेस्ट बुधवारी असते. तुले कोनता वार पायजे थे सांग."

दादा आपला कप उचलून वर गेला.

त्यानंतर मी डोंगराच्या दिशेने बाजार करायला लागले. कधी एकटी, कधी आईला घेऊन. आई सोबत असली की काम सोपं व्हायचं. कारण तिला छत्तीसगडी छान येते, सेक्टरच्या शेजारणींकडून शिकलेली. श्रावण सरत आला होता, तेव्हा गंडईच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या एका बाजारात आम्हाला एक बाई भेटली. आईपेक्षा थोडी लहान, हातांवर गोंदण, समोर पुटूचा छोटा ढीग आणि टाकळ्याची भाजी. आईने भाजी निवडता निवडता तिला कपड्यांचं विचारलं.

"नरवा म कांचथन, दाई," ती म्हणाली. "डोंगरी के पाछू. उहें नहाथन." डोंगराच्या मागे ओढ्यात धुतो, तिथेच न्हातो.

"वरून पडते का तो नरवा?" आईने तिच्याच बोलीत विचारलं.

ती बाई हसली आणि हात डोक्याच्या वर उंच नेऊन खाली आणला. मग म्हणाली, "कोनो नइ रोकय. आ जाबे."

कोणी अडवत नाही, ये. आईने हे दोन शब्द घरी येईपर्यंत मला चार वेळा ऐकवले. पुढच्या माझ्या रेस्टला आम्ही निघालो.

पाऊस रात्रीच थांबला होता. रस्ता ओला, धानाची शेतं काठोकाठ भरलेली. गाव लागलं, तिथे गाडी एका चिंचेखाली लावली. पुढे पायवाट. आईने गुडघ्याला पट्टा बांधला होता आणि हातात काही घ्यायला तयार नव्हती. काठी म्हटलं की तिला म्हातारपण आठवतं. सालाच्या झाडांमधून वाट जात होती आणि थोड्या वेळाने पाण्याचा आवाज यायला लागला. आधी वाटलं, वारा आहे. मग तो वाऱ्यासारखा थांबेना. आई चालता चालता थांबली, ऐकलं, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "हा पंप नोहे."

वळण घेतलं आणि वाटेत बांबू आडवा बांधलेला दिसला.

दोन झाडांना दोरीने बांधलेला एक लांब बांबू, बाजूला प्लास्टिकची लाल खुर्ची, आणि खुर्चीवर एक माणूस. चाळिशीचा असेल. स्वच्छ शर्ट, पायात बूट. गावातला वाटत नव्हता, नंतर कळलं की सडकेवरच्या वस्तीतला होता. त्याच्या मागे झाडांतून पाणी दिसत होतं, आणि पाण्याच्या काठी नुकतंच बांधलेलं, अजून चुन्याचा वास येणारं लहानसं देऊळ.

"नमस्ते," तो म्हणाला. उद्धट नव्हता. "यहां समिति बनी है. कुंड अब पवित्र है, ऐसे ही सबको नहीं जाने देते. कहां से आए?"

"भिलाई से," मी म्हटलं.

"कौन समाज?"

हा प्रश्न इकडे लोक इतक्या सहज विचारतात, जसा कोणी जेवलात का म्हणून विचारावा. बसमध्ये विचारतात, भाड्याने घर बघताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "काय म्हनून राहिला हा?"

तिला सगळं समजलं होतं. तिची वेळ काढायची ही रीत आहे.

तिचं मराठी ऐकून त्या माणसाचा चेहरा एकदम उजळला. "अरे, मराठी हो! दुर्ग में हमारे बहुत जान-पहचान के हैं मराठी लोग. जोशी-देशपांडे वाले. पंडित लोग." तो खुर्चीवरून उठला. बांबूची दोरी सोडायला लागला. "पहले बोलना था ना. जाओ, माताजी को ले जाओ. आराम से नहाओ."

दुर्ग आणि रायपूरमध्ये मराठी घरं आहेत, कितीतरी पिढ्यांची. ती वेगळी, आम्ही वेगळे. पण हिंदी बोलणाऱ्याला मराठी एकच ऐकू येते. त्याने आम्हाला आमच्या भाषेवरून ओळखलं आणि चुकीचं ओळखलं. दोरी सुटली होती. बांबूचं एक टोक खाली आलं होतं. पलीकडे पाणी कोसळत होतं, इतकं जवळ की तुषार तोंडावर येत होते. आम्हाला काहीच बोलायचं नव्हतं. खोटंही बोलायचं नव्हतं. नुसतं गप्प राहून चार पावलं टाकायची होती आणि आईची आयुष्यभराची इच्छा पुरी होत होती. खरं सांगते, माझा पाय उचलला गेला होता.

आई हलली नाही.

तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि हिंदीत, तिच्या त्या वाचनाच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "नहीं बेटा. हम वो वाले मराठी नहीं हैं. हम बौद्ध हैं. मेरे गांव में हमको कुएं पर चढने नहीं देते थे, वो वाले. अब बोल."

त्या माणसाचा दोरीवरचा हात तसाच राहिला. बांबू पुन्हा वर करावा तर मघाशी स्वतःच सोडलेला. मला त्याची दया आली नाही. येऊ नये म्हणून मी प्रयत्नही केला नाही.

"माताजी, ऐसा है," तो शेवटी म्हणाला, "आप नीचे चले जाओ. वो मोड के बाद. पानी तो वही है ना. ऊपर कुंड में थोडा... समिति का नियम है."

खालचं पाणी. वरच्यांनी वापरून झाल्यावर जे वाहून येतं ते. मला वाटलं, माझं डोकं फुटेल. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यात त्याची समिती, त्याची खुर्ची आणि त्याचे बूट सगळं आलं. नियम कुठे लिहिला आहे, नरवा कोणी खोदला, पाऊस कोणाच्या बापाने पाडला, हे सगळं मी विचारून घेतलं. तोही आवाज चढवायला लागला. सरपंचाला बोलावतो म्हणाला. मी म्हटलं, बोलाव. पोलिसांनाही बोलाव, कायदा मी तुला वाचून दाखवते.

आमचं हे चाललं असताना मागून हसण्याचा आवाज आला. बाजारातली ती बाई, डोक्यावर कपड्यांचं गाठोडं, कमरेवर नात. तिने आमच्याकडे पाहिलं, बांबूकडे पाहिलं, आणि त्याला छत्तीसगडीत म्हणाली, की माझ्या सासूची सासू इथे न्हायची, तुझी खुर्ची कधी आली रे? आणि वाकून बांबूच्या खालून पलीकडे गेली. तिला अडवायची त्याची हिंमत नव्हती. ती गावची होती.

तेवढ्यात आईने तो बांबू उचलला.

शांतपणे उचलला. दुसऱ्या टोकाची दोरी ओढून सोडवली, बांबू हातात उभा धरला, जमिनीवर दोनदा टेकवून पाहिला. काठी नको म्हणणारी माझी आई. "गुडघा दुखून राहिला," ती त्याला मराठीतच म्हणाली, "हे चांगलं झालं. दगडं ओले हायेत." आणि तिच्यापेक्षा दुप्पट उंच बांबू टेकत टेकत ती खुर्चीच्या बाजूने, त्याच्या अगदी जवळून, पाण्याकडे चालू लागली.

तो "अरे माताजी, अरे" करत दोन पावलं आला. ऐंशीच्या घरातल्या बाईला हात लावावा तर कसा, आणि हात लावायचा तर आधी तिला शिवावं लागणार. मला वाटतं, त्याच्याही ते लक्षात आलं असावं. तो थांबला.

धबधबा मोठा नव्हता. दोन मजली घराएवढा. काळ्या दगडाची सरळ भिंत, वर सालाची मुळं बाहेर आलेली, आणि मधून पाण्याचा एकच जाड पट्टा. खाली डोह, हिरवट. ती बाजारातली बाई कडेच्या दगडावर बसून कपडे आपटायला लागली होती. तिने आईला हात दिला. मी दुसऱ्या बाजूने धरलं. आई पातळासकट पाण्यात उतरली, आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. गुडघ्याचा पट्टा भिजला. ती बांबूवर जोर देत पुढे गेली आणि मग तिने माझा हात सोडला.

पाणी तिच्या डोक्यावर पडलं आणि ती ओरडली, "अगं माय! हे तं मारून राहिलं!"

आणि हसायला लागली. मी माझ्या आईला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं, वडील असतानाही नाही. तोंड उघडं, केस सुटलेले, खांद्यांवर पाणी आपटत होतं आणि तिचे डोळे टक्क उघडे होते. ती वर पाहत होती. पाण्याचा एवढा मारा तोंडावर, तरी ती पापणी मिटेना. वर कोणी नव्हतं. दगड होता, मुळं होती आणि आभाळ. मी काठावर उभी राहून ढसाढसा रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

तो माणूस मागे येऊन उभा होता. थोड्या वेळाने म्हणाला, "मेरा बांस."

मी म्हटलं, "मांग लो."

त्याने हाक मारली, आधी माताजी म्हणून, मग अम्मा म्हणून. आईने त्याच्याकडे पाहिलं आणि हाताने खूण केली, की थांब. मग ती डोहाच्या कडेला एका सपाट दगडावर, पडत्या धारेच्या अगदी खाली, मांडी घालून बसली. बांबू आडवा मांडीवर. पाठीवर पाणी घेत, निवांत. तो बराच वेळ उभा राहिला, मग खुर्ची आणून बसला, मग उठून सडकेकडे गेला. सरपंच काही आला नाही. ती निघाली तेव्हा तिच्या बोटांची कातडी सुरकुतली होती. बांबू तिने जाताना त्याच्या रिकाम्या खुर्चीला नीट टेकवून ठेवला.

संध्याकाळी घरी पोचलो. दादा फाटकातच उभा होता. आईचे ओले केस, चिखलाचं पातळ, माझा बसलेला आवाज पाहून त्याने आधी मला झापलं आणि मग सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं. ती दोरी सुटल्याचं ऐकून तो कपाळावर हात मारत आईकडे वळला. रागात नव्हता. घाबरला होता, असं मला आता वाटतं. त्याने प्लांटमध्ये कितीतरी वर्षं कितीतरी ठिकाणी गप्प राहून काढली आहेत, मला माहीत आहे.

"अवं आई, त्यानं सोतःच वाट सोडली होती," तो म्हणाला. "तू कावून सांगितलं? गप्प राह्यली असती, नाहून आली असती. त्याच्या बापाले बी मालूम पडलं नसतं."

आई टॉवेलने केस पुसत होती. पुसता पुसता थांबली.

"मंग थे जोशाची कोनी बाई नाहून आली असती," ती म्हणाली. "मी तं कोरडीच वापस आली असती, बाबू."